टॅरंटुला पाळताय? पुढची जात निवडण्याआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न

तो बावीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. उजवा डोळा लाल, सतत पाणी, उजेड अजिबात सहन होत नाही, म्हणून आईबरोबर आला होता. डोळे आलेत असं समजून औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब दोन आठवडे घालून झाले होते. फरक शून्य. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, अगदी बारीक केसांसारखं काहीतरी रुतलेलं होतं. मी विचारलं, "झाडाखाली बसला होतास का? सुरवंट वगैरे?" तो गप्प. उत्तर आईनं दिलं, "कोळी पाळलेत हो यानं. तीन. मी त्या खोलीत झाडूसुद्धा मारत नाही."

उपचार कित्येक आठवडे चालले. डोळा निवळला. शेवटच्या तपासणीच्या दिवशी उठता उठता तो म्हणाला, "मॅडम, आता चौथा घ्यायचाय. कुठला घेऊ?" आईनं कपाळावर हात मारला. मला मात्र प्रश्न वावगा वाटला नाही. निदान त्यानं तो फक्त विक्रेत्याला न विचारता डॉक्टरलाही विचारला होता.

टॅरंटुला म्हणजे मोठा, केसाळ कोळी पाळण्याचा छंद आपल्याकडे आता नवलाचा राहिलेला नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांमध्येही तो दिसतो. एक आणला की दुसरा येतो, मग कपाटाच्या एका फळीवर डब्यांची रांग लागते. पुढची जात निवडताना बहुतेक जण रंग, आकार आणि किंमत पाहतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याआधी एक गोष्ट पाहा: हा कोळी घाबरला की नेमकं काय करतो, आणि त्या वेळी तुमच्या घरात कोण असतं.

दोन जगं, दोन हत्यारं

टॅरंटुलांच्या एक हजाराहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. पाळणारे त्यांची ढोबळ विभागणी दोन गटांत करतात आणि ही विभागणी वैद्यकीय दृष्ट्याही कामाची आहे. उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जातींना ते 'न्यू वर्ल्ड' म्हणतात. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जाती म्हणजे 'ओल्ड वर्ल्ड'.

अमेरिकेतल्या बहुसंख्य जातींच्या पोटावर खास प्रकारचे काटेरी केस असतात. कोळी बिथरला, की मागचे पाय पोटावर भराभर घासून ते केस हवेत उडवतो. या जाती सहसा संथ असतात आणि चावण्याची घाई करत नाहीत. ओल्ड वर्ल्ड जातींकडे असे केस नसतात. त्यांचं हत्यार वेग आणि चावा. त्यांचं विषही साधारणपणे अधिक तीव्र असतं.

नवख्या माणसाला 'शांत' म्हणून जी जात दिली जाते, ती बहुधा केस उडवणारी असते. ती शांत असते हे खरं. पण ती निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ होत नाही, आणि माझ्यासारख्या डोळ्याच्या डॉक्टरकडे येतात ते बहुधा हेच केस घेऊन.

हे केस करतात तरी काय?

गावाकडे ज्यांनी खाजकुयलीची शेंग चुकून हाताळली आहे किंवा ज्यांच्या अंगावरून सुरवंट गेला आहे, त्यांना जास्त सांगायला नको. टॅरंटुलाचे केस त्याच जातकुळीतले. प्रत्येक केसाला सूक्ष्म आकडे असतात, त्यामुळे तो कातडीत शिरल्यावर सहज मागे येत नाही. चोळलं की आणखी आत जातो. या केसांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला एक प्रकार माणसाच्या त्वचेत दोन मिलिमीटरपर्यंत खोल जाऊ शकतो असं संशोधकांनी नोंदवलं आहे. ब्राझीलचा लॅसिओडोरा पॅराहिबाना आणि दक्षिण अमेरिकेतला महाकाय 'गोलायथ बर्डईटर', म्हणजे थेराफोसा, यांच्या अंगावर हे खोल जाणारे केस असतात.

त्वचेवर लागले तर खाज, लाल पुरळ, बारीक फोड असा त्रास होतो. कुणाला तो काही तासांत ओसरतो, कुणाला आठवडेही लागतात. नाकात गेले तर शिंकांची माळ लागते आणि दमा असलेल्याला धाप लागू शकते. वारंवार संपर्क आला की काहींची त्वचा दर वेळी अधिकच बिथरते. पहिला कोळी हाताळताना काही झालं नाही म्हणून पाचवा हाताळतानाही काही होणार नाही, असं गृहीत धरू नका.

एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते. हे केस फक्त कोळ्याच्या अंगावर नसतात. ते त्यानं टाकलेल्या कातेवर असतात, जाळ्यात असतात, डब्याच्या तळाशी पसरलेल्या मातीत असतात. त्यामुळे कोळी कोपऱ्यात निवांत बसलेला असताना नुसती साफसफाई करणाऱ्यालाही ते लागू शकतात. आमच्या या मुलाला त्रास दिला तो व्हेनेझुएलाच्या निळ्याहिरव्या, नारिंगी पोटाच्या 'जीबीबी'नं, म्हणजे क्रोमॅटोपेल्मानं. ही जात भरपूर जाळं विणते आणि केस उडवण्यात तरबेज असते. हा पठ्ठ्या टिश्यू पेपरनं जुनं जाळं काढत होता. चष्मा नाही, हातमोजे नाहीत. मग त्याच हातानं डोळा चोळला.

डोळ्यात गेले तर

या भागावर थोडं सविस्तर लिहिते, कारण त्वचेची खाज आज ना उद्या जाते, डोळ्याचं तसं नाही.

२००९ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक तरुण रुग्णालयात आला. तीन आठवडे डोळा लाल, पाणी, उजेडाचा त्रास. जंतुसंसर्ग समजून दिलेल्या औषधांनी गुण नव्हता. डॉक्टरांनी तपासल्यावर कॉर्नियात बारीक केस दिसले. तेव्हा त्याला आठवलं, की आपण पाळलेल्या चिलियन रोझ जातीच्या टॅरंटुलाची काचेची पेटी साफ करत होतो, मागे हालचाल जाणवली म्हणून वळून पाहिलं आणि त्याच क्षणी कोळ्यानं केसांचा फवारा चेहऱ्यावर सोडला. ही हकिकत पुढे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चिलियन रोझ ही जात अनेक वर्षं जगभर 'नवशिक्यांसाठी उत्तम' म्हणून विकली गेली आहे, हे लक्षात घ्या.

केस इतके सूक्ष्म असतात, की सगळे चिमट्यानं काढता येत नाहीत. वर आलेले, हाताशी लागणारे आम्ही काढतो. खोल गेलेल्यांच्या मागे लागलं तर कॉर्नियाचंच नुकसान व्हायचं. उरलेल्या केसांभोवती शरीर सूज आणतं आणि बारीक गाठी तयार होतात. या आजाराला ऑफ्थॅल्मिया नोडोसा म्हणतात. सुरवंटाच्या केसांमुळे होणाऱ्या याच त्रासावरून हे नाव आलं. काही वेळा केस आकड्यांच्या जोरावर आत सरकत जातात, कधी डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत, रेटिनापर्यंत. म्हणून डोळा बरा दिसू लागला तरी आम्ही काही महिने तपासणीला बोलावतो. अशा वेळी "आता काय, बरा आहे" म्हणून येणं थांबवू नका.

उपचारात बहुतेकदा सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब लागतात, ते हळूहळू कमी करत न्यावे लागतात. हे वाचून कुणी घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब काढून घालू नयेत, ही हात जोडून विनंती. आपल्या हवामानात डोळ्याला लागलेल्या इजेतून बुरशीचा संसर्ग होणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि अशा डोळ्यात स्टेरॉइड पडलं तर बुरशी फोफावते. शिवाय दीर्घकाळ वापरलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. कुठल्या डोळ्यात कुठला थेंब आणि किती दिवस, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

केस डोळ्यात गेल्याची शंका आली तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन काढा आणि ती परत वापरू नका. स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. सर्वांत महत्त्वाचं, कोळ्याचा उल्लेख करा. आमचा हा मुलगा आईसमोर बोलणी बसतील म्हणून गप्प राहिला होता. आईनं तोंड उघडलं नसतं, तर खरं कारण हाती लागायला आणखी वेळ गेला असता.

"याला केस नाहीत, मग प्रश्नच मिटला ना?"

चौथा म्हणून त्याच्या मनात पोसिलोथेरिया रेगॅलिस होता. झाडावर राहणारा, करड्या-पांढऱ्या नक्षीचा देखणा भारतीय कोळी. त्याचा तर्क सरळ होता: "त्याला उडवायचे केसच नाहीत मॅडम, म्हणजे डोळ्याला धोका नाही. आणि आपल्याच देशातला आहे." असा तर्क करणारा तो एकटा नाही, म्हणून दोन्ही मुद्दे नीट पाहू.

पहिला मुद्दा अर्धाच खरा. डोळ्याचा धोका कमी झाला, पण त्या जागी चाव्याचा धोका आला. बहुतेक अमेरिकन टॅरंटुलांचा चावा मधमाशीच्या डंखाइतका किंवा थोडा जास्त दुखतो आणि ओसरतो. पोसिलोथेरियाचा चावा वेगळा असतो. सुरुवातीला वेदना आणि सूज येते, मग काहीसं बरं वाटतं आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, स्नायूंमध्ये जबरदस्त गोळे यायला लागतात. पायात, पाठीत, छातीत, पोटात. ते काही दिवस, क्वचित त्याहून जास्त काळ येत-जात राहतात. या गटाच्या चाव्यांकडे आजवर पुरेसं गांभीर्यानं पाहिलं गेलेलं नाही, असं २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी नोंदी तपासून लिहिलं. छातीच्या स्नायूंत गोळा आल्यावर हृदयविकाराचा झटका आला असं वाटून रुग्ण आणि घरचे दोघेही हादरतात, आणि सकाळच्या चाव्याशी त्याचा संबंध रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही.

पूर्व आफ्रिकेतला नारिंगी 'ओबीटी', म्हणजे टेरिनोकिलस म्युरिनस, पश्चिम आफ्रिकेतले हेटेरोस्कोड्रा आणि स्ट्रोमॅटोपेल्मा, आग्नेय आशियातला 'कोबाल्ट ब्ल्यू' हे सगळे याच पंक्तीतले. ओबीटीची पिल्लं स्वस्तात मिळतात, रंग सुरेख असतो आणि तब्येतीनं चिवट असतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या खरेदीत ती हमखास पुढे केली जातात. माझ्या मते घरात लहान मूल असताना ही खरेदी करूच नये.

टॅरंटुलाच्या विषानं माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद वैद्यकीय साहित्यात सापडत नाही, हे दिलासा म्हणून सांगायला हवं. पण त्यावर उतारा म्हणून देता येईल असं प्रतिविषही रुग्णालयात नसतं. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या सापांसाठी बनवलेलं आहे. ते कोळ्याच्या चाव्यावर चालत नाही, ते द्या म्हणून आग्रह धरू नका. उपचार असतात ते वेदना कमी करणारे, स्नायू सैल करणारे आणि लक्ष ठेवण्याचे. आणखी एक: ऑस्ट्रेलियात टॅरंटुला चावून कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात कुत्रा असेल तर ओल्ड वर्ल्ड जात आणताना तोही घरचाच सदस्य धरावा.

दुसरा मुद्दा, "आपल्याच देशातला." भारतात आढळणारे सगळे टॅरंटुला ओल्ड वर्ल्ड गटातले आहेत. म्हणजे आपल्या सह्याद्रीतले कोळी केस उडवणारे नाहीत, चावणारे आहेत. पावसाळ्यात ट्रेकला गेलेली मुलं कधी वाटेत दिसलेला मोठा कोळी डबीत घालून आणतात. जोडीदार शोधत भटकणारा तो नर असू शकतो, म्हणजे तसंही त्याचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं. रानातून कोळी उचलून आणू नका, कायद्याच्या दृष्टीनंही नाही आणि तब्येतीच्या दृष्टीनंही नाही.

कायद्याचा विषय माझा नाही, पण घरच्यांना ठाऊक असावा म्हणून थोडक्यात. संपूर्ण पोसिलोथेरिया गट २०१९ पासून 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मेक्सिकन रेडनीचा ब्रॅकिपेल्मा गट त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती गावाच्या नावानं ओळखला जाणारा गडद निळा पोसिलोथेरिया मेटॅलिका तर अतिसंकटग्रस्त आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर साइटीसच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करणं बंधनकारक झालं आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' संकेतस्थळावर करायची असते. "कागद लागत नाहीत" असं विक्रेता म्हणाला, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

मग चौथा कुठला?

सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. मी त्याला विचारलेले प्रश्न इथे देते, तुम्ही तुमच्या घराला लावून पाहा.

घरात कोण कोण आहे? त्याच्या घरी आई-वडील, दम्याची आजी आणि शनिवार-रविवारी येणारा चार वर्षांचा भाचा. दम्याचा रुग्ण, एक्झिमा असलेली व्यक्ती किंवा लहान मूल घरात असेल, तर उठसूट केस उडवणाऱ्या जाती टाळाव्यात. जीबीबी एक आधीच होता. ब्राझीलचा पांढऱ्या पट्ट्यांचा अकॅन्थोस्कुरिया जेनिक्युलाटा, लॅसिओडोरा आणि थेराफोसा या तीन जातींवर मी तिथेच काट मारली. हे कोळी मोठे होतात, खादाड असतात, बघायला मजा येते, मान्य. पण मोठा कोळी म्हणजे केसांचा मोठा साठा.

डोळ्यांचा काही इतिहास आहे का? एका डोळ्याच्या कॉर्नियावर डाग राहिलेला, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली किंवा एकाच डोळ्यानं नीट दिसत असलेली व्यक्ती असेल, तर तिच्या बाबतीत मी सरळ 'नको' म्हणते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी कोळ्यांचं काम चष्मा लावूनच करावं.

डब्यात हात घालायची वेळ किती येते? जमिनीवर राहणाऱ्या संथ जातीला महिनोन्महिने पाणी आणि खाद्य यापलीकडे काही लागत नाही. झाडावर राहणाऱ्या चपळ जातीचा डबा बदलणं म्हणजे परीक्षा असते. लांब चिमटा धरला तर ती चिमट्यावरून सरसर हातापर्यंत येते. अंगावर धावत आलेला कोळी बहुतेकांच्या हातून झटकला जातो, आणि उंचीवरून पडला तर त्याचं पोट फुटतं. म्हणजे नुकसान दोघांचंही.

आणि शेवटचा प्रश्न: तू नोकरीला परगावी गेलास तर? हा प्रश्न ऐकून आई पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. ब्रॅकिपेल्माची मादी वीस वर्षं आणि त्याहून जास्त जगू शकते. मुलं पुणे-बंगळूरला किंवा परदेशी जातात, कोळी मागे राहतात आणि त्यांना पाणी घालायचं काम ज्या माणसानं कधी त्या खोलीत झाडूही मारला नाही त्याच्याकडे येतं. त्या माणसाला जमेल अशीच जात निवडा.

या सगळ्यातून त्याच्यासाठी दोन पर्याय उरले. एक, दक्षिण अमेरिकेतल्या चाको प्रदेशातला ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस. याच्याही अंगावर केस आहेत, पण स्वभावानं संथ आणि केस उडवायला सहसा अनुत्सुक. दोन, गुलाबी टोकाच्या पायांचा अ‍ॅव्हिक्युलेरिया. याचे केस वेगळ्या प्रकारचे असतात. तो ते सहसा हवेत उडवत नाही, थेट अंगाला टेकल्यावरच ते लागतात. म्हणून आजीच्या दम्याच्या दृष्टीनं हा बरा. मात्र तो झाडावरचा आणि उड्या मारणारा आहे, आणि त्याच्या डब्यात हवा खेळती लागते.

तिसरा पर्याय त्यानंच सुचवला, सॅमोपियस. अमेरिकेतला असून याला उडवायचे केस नसतात. ओल्ड वर्ल्ड जातींकडे जाण्याआधीची पायरी म्हणून बरेच छंदिष्ट तो घेतात. इथे एक मजेदार गोष्ट सांगायचा मोह होतो. या गटातल्या त्रिनिदादच्या एका जातीच्या विषात अशी प्रथिनं सापडली, जी आपल्या मज्जातंतूंवरच्या नेमक्या त्याच ग्राहीला चेतवतात जिच्यामुळे मिरचीची आग जाणवते. २००६ मध्ये हे दाखवणाऱ्या संशोधकांमध्ये डेव्हिड ज्युलियस होते, ज्यांना त्या ग्राहीच्या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. तेव्हा हा चावला तर ठेचा डोळ्यात नाही, थेट कातडीखाली गेल्यासारखं होईल, असं मी त्याला सांगितलं. कोळी वेगवानही असतो. चार वर्षांचा भाचा घरी येत असेपर्यंत थांब, असं माझं मत मी दिलं.

घ्यायचाच असेल तर पिल्लू घ्यावं, असंही मी सुचवते. अगदी लहान पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला हे केस नसतात, ते पुढे काही वेळा कात टाकल्यावर येतात. संथ जातीचं पिल्लू मोठं व्हायला काही वर्षं घेतं. तेवढ्या काळात तुमचा हात बसतो, घरच्यांची भीती थोडी कमी होते आणि हा छंद टिकणार आहे की नाही, तेही कळतं.

डबे वाढतात तेव्हा

एका कोळ्याला जी काळजी पुरते, ती दहा कोळ्यांना पुरत नाही. साफसफाईचे प्रसंग दहापट होतात आणि सवयीनं माणूस निर्धास्त होतो. डबा उघडताना बाजूनंही बंद असलेला संरक्षक चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट घाला. लांब चिमटा वापरा. कोळी हातावर घेऊन फोटो काढायची गरज नसते, कोळ्याला तर मुळीच नसते. काम झाल्यावर आधी हात साबणानं धुवा, मग चष्मा काढा, मग पुन्हा हात धुवा. तो शर्ट लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

आयांसाठी एक सूचना: त्या खोलीत झाडू न मारण्याचा तुमचा निर्णय अजाणता योग्यच होता. कोरड्या झाडूनं केस हवेत उडतात. डब्यांच्या आसपासची जागा ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची आणि ते काम छंद ज्याचा आहे त्यानं करायचं. डबे झोपायच्या खोलीत, उशाशी नकोत. कुलूप लागणारं कपाट असेल तर उत्तम.

प्रत्येक डब्यावर जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहा. 'ब्ल्यू', 'टायगर' अशी बाजारातली नावं आम्हाला उपयोगाची नाहीत. त्याचीच एक यादी फ्रिजवर लावा. मुलगा कॉलेजात असताना घरात कुणाला चावा बसला, तर ती यादी घेऊन रुग्णालयात जाता येईल.

लागलं किंवा चावलं तर

त्वचेवर केस लागले असतील तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, दोन-तीन वेळा, दर वेळी नवी. मग वाहत्या पाण्यानं धुवा. खाजेसाठी अँटिहिस्टामाइनची गोळी किंवा सौम्य मलम डॉक्टरांना विचारून घ्या.

चावल्यावर जखम साबण-पाण्यानं धुवा, अंगठी-बांगडी लगेच काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. आवळपट्टी बांधणं, जखम कापणं, तोंडानं विष ओढणं यातलं काहीही करू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. न्यू वर्ल्ड जात असेल, त्रास जागच्या जागी असेल आणि कमी होत असेल, तर जवळच्या डॉक्टरांना दाखवणं पुरेसं असतं. ओल्ड वर्ल्ड जात असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा आणि पुढचा दीड-दोन दिवस एकटे राहू नका, कारण गोळे उशिरा येतात. चावल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा.

श्वास लागणं, चेहरा किंवा ओठ सुजणं, अंगभर गांध्या, चक्कर, छातीत दुखणं किंवा लहान मुलाला चावा, यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. डॉक्टरांना विषासंबंधी सल्ला हवा असेल, तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास उपलब्ध असतं.

आमच्या मुलानं अजून चौथा कोळी आणलेला नाही. मागच्या तपासणीला त्यानं मोबाइलवर चाको जातीच्या एका पिल्लाचा फोटो दाखवला, नखाएवढं. चष्मा घेतलास का, असं मी विचारलं, तर आईच म्हणाल्या, "दोन घेतलेत. एक माझ्यासाठी."